बिनबटणाचे एकशे त्रेपन्न स्वेटर

मंगळवारी दुपारी विणता विणता माझी सुई एका जोडापाशी अडली. जोड माझ्याच हातचा होता, आणि तो तिथे असण्याचं काही कारणच नव्हतं.

नीट सांगते. आमचं बारा बायकांचं मंडळ आहे. दर मंगळवारी आम्ही इस्पितळाच्या मागच्या हॉलमध्ये जमतो आणि विणतो, शिवतो. वर्षातून एकदा, थंडी सुरू व्हायच्या सुमाराला, त्याच हॉलमध्ये मेळा भरतो. आमच्या वस्तू तिथे विकायला ठेवतात आणि जे येईल ते मुलांच्या वॉर्डाला जातं. कोणी एप्रन शिवतं, कोणी कापडी पिशव्या, कोणी उशांचे अभ्रे. एक जण गेली चार वर्षं कापडाचे ससे करते. त्यातला एकही सशासारखा दिसत नाही, पण बाई मनाने चांगली आहे. मी स्वेटर विणते. एक ते तीन वर्षांच्या मुलांचे, बाकी काही नाही. वर्षाला तीस, कधी एकतीस. पाच मेळे झाले, एकशे त्रेपन्न स्वेटर गेले. हा आकडा मी कुठे लिहून ठेवलेला नाही. बाकीच्या बायकांना नातवंडांचे वाढदिवस पाठ असतात तसा तो मला पाठ आहे. मला मूलबाळ नाही, त्यामुळे दुसरं पाठ करण्यासारखं काही नव्हतं.

माझ्या कामात खोट काढायची कोणाची हिंमत नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. माझे वडील शिंपी होते आणि मी त्यांच्या मशीनखाली रांगत मोठी झाले. माझ्या स्वेटरला बटण नसतं. पुस्तकातल्या नमुन्यात डाव्या खांद्यावर तीन बटणं आहेत. ती मी पहिल्याच दिवशी रद्द केली आणि खांदा सरळ शिवून टाकला. लहान मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि बटण घशात अडकलं तर कोण जबाबदार? हे मी मंडळात इतक्यांदा सांगितलंय की मी तोंड उघडलं की सशांची बाई आपणहूनच मान हलवते.

मेळ्याच्या दिवशी मात्र मी टेबलावर नसते. पहिल्याच वर्षी सकाळी सकाळी एका गिऱ्हाइकाने माझा स्वेटर उलटा करून शिवण तपासली, तेव्हा मी त्याला जे काही ऐकवलं त्यानंतर मला एकमताने घरी पाठवण्यात आलं. विक्री माझ्या नणंदबाई बघतात. त्यांना मी लग्न झाल्यापासून वन्सं म्हणते. त्यांचं लग्न झालं नाही. तीस वर्षं त्यांनी एका धुलाई-रंगाईच्या दुकानात नोकरी केली आणि त्या आमच्याच घरी राहिल्या. माझे यजमान जाऊन पाच वर्षं झाली. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. मंडळाचं लोकरीचं कपाटही वन्संच सांभाळतात. लोकर दानात मिळते, त्या ती आणून मला देतात, मी विणते. दान दिलेल्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण मी मोजायची. लोकरीत गाठी फार असायच्या, आणि रंग सगळे शेवाळी, मातकट, धड ना निळे धड ना जांभळे. लोकांना टाकायचं तेच दान करतात, असं मी म्हणायची. वन्सं ऐकून घ्यायच्या.

मेळा संपला की त्या संध्याकाळी माझ्या मनाची खरी मेजवानी. वन्सं पाय गरम पाण्यात बुडवून बसायच्या आणि मला सांगायच्या, कोण आलं, कोणी काय नेलं. पहिल्या वर्षीचा पिवळा स्वेटर एका तरुण बापाने नेला, त्याला जुळ्या मुली होत्या, दुसरीसाठी त्याने तसाच अजून एक मागितला. हात भाजलेला एक मुलगा होता, त्याच्या आजीने निळा नेला, कारण त्याची बाही सैल होती. असं एकेक. मी ऐकत असायची. मला ही सगळी मुलं माहीत होती. ती जुळी आता सात-आठ वर्षांची झाली असतील, असं मी मनात मोजायची.

तर मंगळवारी सुई अडली. मी शेवाळी लोकर विणत होते. बोटाला काहीतरी टोचलं म्हणून पाहिलं. माझ्या वडिलांची लोकर जोडायची एक रीत होती. गाठ मारायची नाही. एक टोक सुईने दुसऱ्या टोकाच्या आत चार बोटं ओवायचं आणि दोन्हीकडे साध्या दोऱ्याचा एकेक टाका घालायचा. ही रीत मी दुसऱ्या कोणाच्या हातात आजवर पाहिलेली नाही. तो जोड तसाच होता. आणि दोरा काळा होता, गुळगुळीत, ताठ. जखमा शिवायचा दोरा.

तो दोरा मला यजमानांच्या खाटेपाशी बसले असताना एका नर्सने दिला होता. पहिल्या मेळ्यासाठी विणत होते, मेळ्याला अजून महिना होता. लोकर संपली, दुसरी जोडायला दोरा नव्हता, आणि मला उठून जायचं नव्हतं. नर्सने खिशातून एक तुकडा काढून दिला. मी दोन टाके घातले. त्यानंतर तीन दिवसांनी यजमान गेले. लोकर पिवळी होती. जुळ्या मुलींच्या बापाने नेलेल्या स्वेटरची.

 पहिला विचार भलाच आला. मुली मोठ्या झाल्या असतील, स्वेटर आखूड झाला असेल, कोणीतरी उसवून, रंगवून लोकर परत दिली असेल. घरात वस्तू जपणारी माणसं असतात अशी. मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. मी समोर बसलेल्या मास्तरीणबाईंना विचारलं. त्या मंडळाच्या प्रमुख. जन्मभर शाळेत शिकवल्यामुळे त्यांना खोटं बोलता येत नाही, फक्त दुसऱ्याचं पकडता येतं.

"बाई, ही शेवाळी लोकर कोणी दिली?"

"कोणीतरी असेल. का हो?"

"कोण? नाव-पत्ता असेल ना."

"तुमच्या वन्संनाच विचारा. लोकरीचं मला काही ठाऊक नाही." त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला. सुईत दोरा आधीच होता.

 एप्रनवालीचं मशीन थांबलं. मी मान वर केली तर दहा बायका आपापल्या मांडीकडे बघत होत्या. एकीनेही "काय झालं?" म्हणून विचारलं नाही. आमच्या मंडळात कोणाच्या जावयाला शिंक आली तरी चौकशी होते. तेव्हा मला कळलं की विचारण्यासारखं त्यांना काही राहिलेलं नाही. त्यांना माहीत होतं. सगळ्यांना.

मी माझ्या टोपलीतले बाकीचे गुंडे जमिनीवर ओतले आणि एकेक सोडायला लागले. मास्तरीणबाई म्हणाल्या, "अहो, सुतावरून स्वर्ग गाठू नका." मी ऐकलं नाही. मातकट लोकरीत एक जोड निघाला, निळ्या दोऱ्याचा. गेल्या वर्षी माझ्याकडे निळंच रीळ होतं. जांभळटात अजून एक. पायाशी लोकरीचा हा ढीग झाला. सशांची बाई रडायला लागली. ती कशाला रडते, हे विचारायचं त्राण मला नव्हतं.

"किती वर्षं?" मी विचारलं.

 मास्तरीणबाईंनी माझी पिशवी भरून दिली, आणि त्या मला दारापर्यंत सोडायला आल्या. हा त्यांचा आजवरचा शिरस्ता नव्हे.

इस्पितळापासून घर पंधरा मिनिटांवर आहे. त्या दिवशी किती वेळ लागला, सांगता येत नाही. शाळा सुटली होती, फुटपाथवर आया आणि मुलं. गेली पाच वर्षं मी या रस्त्याने जाताना मुलांच्या अंगावर माझे स्वेटर शोधत होते. बसमध्ये, दवाखान्यात, दुकानाच्या रांगेत. एकदाही दिसला नाही. मी स्वतःची समजूत घातली होती की मेळ्याला लोक नदीपलीकडून येतात. आता त्या सगळ्या मुलांकडे बघायचीही मला लाज वाटत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी मी. स्वेटर माझ्याच टोपलीत होते.

वन्सं ओट्यापाशी बटाटे सोलत होत्या. मी चपला न काढता आत गेले आणि शेवाळी गुंडा त्यांच्यासमोर ठेवला.

"हे काय आहे?"

त्यांनी चष्मा वर केला, गुंडा डोळ्यांजवळ नेला, मग काळा दोरा बोटाने चाचपला. "राहिला वाटतं," त्या म्हणाल्या. "यंदा नीट दिसत नाही मला. एरवी मी सगळे जोड कापून साधी गाठ मारते."

मला वाटलं होतं त्या दचकतील, नाही म्हणतील, निदान बटाटा हातातून पडेल. त्यांनी तो पातेल्यात टाकला आणि हात पुसले.

"किती स्वेटर उसवले तुम्ही?"

"सगळे."

"सगळे म्हणजे?"

"एकशे बावन्न. एक गेला. तिसऱ्या वर्षी एका म्हाताऱ्याने घेतला, किटलीवर घालायला. चहा गरम राहतो म्हणाला."

 मी खुर्ची ओढून बसले. कितीतरी वेळ मला फक्त ती किटली दिसत होती.

"ती जुळी?" मी विचारलं.

"नव्हती."

"आणि तो हात भाजलेला?"

"वहिनी, नव्हतं कोणी. मी उभी असायची आणि टेबल तसंच असायचं. पाच वाजता तुम्ही टेबलं आवरायला यायच्या आधी मी सगळं पिशव्यांत भरून दुकानात ठेवून यायची, मग दोन-दोन करून घरी आणायची. मालक जुना आहे, तो काही विचारत नाही. मागे रंगाची टाकी आहे, वाळवायला जागा आहे."

मला ओरडायचं होतं.  चोरी झाली असती तर मी चोराला धरलं असतं, पण इथे गेलेलं काय होतं? लोकर होती. मीच होते. मुलंच तेवढी नव्हती. माझ्या मनात वाढलेली दीडशे मुलं एका वाक्यात गेली, आणि त्यांच्यासाठी रडायचं तरी कोणत्या तोंडाने?

"का नाही गेले?" मी शेवटी विचारलं. "काय वाईट होतं माझ्या विणीत?"

"वीण उत्तम आहे. डोकं जात नाही."

"काय?"

"मुलांचं डोकं जात नाही गळ्यातून."

त्यांनी सांगितलं ते असं. पहिल्या मेळ्यात मी घरी गेल्यानंतर पहिलीच बाई आली, तिच्या कडेवर दोन वर्षांचा मुलगा. तिला पिवळा स्वेटर आवडला. तिने तिथेच घालून बघितला. गळा नाकापर्यंत आला आणि अडकला. वर जाईना, खाली येईना. पोराने टाहो फोडला, तोंड लालबुंद झालं. बाई घाबरली, वन्सं घाबरल्या. शेवटी एप्रनवालीने कात्री आणून गळा कापला आणि पोराला सोडवलं. मग मास्तरीणबाईंनी एकेक स्वेटर हातात घेऊन पाहिला. तीसच्या तीस तसेच. त्यानंतर वन्संनी कोणालाही घालून बघू दिलं नाही, आणि घालून बघितल्याशिवाय कोणी घेत नव्हतं.

मी उठले. यंदाचे अठ्ठावीस स्वेटर माझ्या खोलीत घडी घालून तयार होते. त्यातला एक घेतला आणि वडिलांची टेप काढली. तीन वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण एकोणीस इंच. हे मला माहीत आहे, टोपी विणणाऱ्या कोणालाही माहीत असतं. मी गळा दोन्ही हातांनी ताणला, अगदी टाके तुटतील इतका. पंधरा. पुन्हा मोजला. पंधरा. नमुना बरोबर होता. नमुन्यात खांदा उघडा होता, तीन बटणांचा, डोकं जाण्यासाठीच. मी बटणं काढून खांदा शिवला आणि गळा वाढवला नाही. पाच वर्षं, एकशे त्रेपन्न वेळा. शिंप्याच्या मुलीने. मूल बटण गिळेल म्हणून मी अख्ख्या गावाला शहाणपण शिकवलं आणि स्वतः मुलांचे गळे आवळायची सोय केली.

"मला सांगायचं नाही?" मी बाहेर येऊन म्हटलं. "एक शब्द पुरेसा होता. एक संध्याकाळ लागली असती दुरुस्त करायला."

"कधी सांगणार? दादाला जाऊन महिना झाला होता. तुम्ही वेणी घालत नव्हता, जेवत नव्हता. स्वेटर गेले म्हटल्यावर तुम्ही पहिल्यांदा पोटभर जेवलात. दुसऱ्या दिवशी उठून लोकर मागितलीत." त्या माझ्यासमोर बसल्या. "मग पुढच्या वर्षी सांगायचं ठरवलं होतं. तेव्हा मी एकदा म्हटलं, भाजीत मीठ कमी आहे. तुम्ही चार दिवस बोलला नाहीत. मिठावरून चार दिवस, वहिनी, आणि मी तर डोकं जात नाही म्हणणार होते."

यावर मला राग यायला हवा होता. आला नाही.  हे मी लपवणार नाही. या बाईने दर वर्षी माझे तीस स्वेटर एकटीने उसवले. उसवलेली लोकर वाकडीतिकडी होते, तिला धुवावं लागतं, वजन बांधून लटकवावं लागतं. मग रंगवायची, वाळवायची, गुंडे करायचे, वर गिऱ्हाइकांच्या गोष्टी रचायच्या. मेळ्यानंतर दोन महिने वन्संच्या खोलीचं दार बंद असायचं आणि आत रेडिओ मोठ्याने लागलेला असायचा. मला वाटायचं, म्हातारपणी रेडिओचा नाद लागला.

"माझ्यासाठी एवढं केलंत," मी म्हटलं. असं वाक्य माझ्या तोंडून त्या घरात पहिल्यांदाच निघालं असेल.

वन्संनी चष्मा काढून ओट्यावर ठेवला.

"पहिल्या वर्षी तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या. "आता सगळं निघालंच आहे तर हेही ऐका. दुसऱ्या वर्षापासून माझ्यासाठी. मी मेळा संपायची वाट बघायची. तुम्ही दिवसभर मला बोलायचात. दूध उतू गेलं, दार वाजलं, टॉवेल चुकीच्या दांडीवर. मी ऐकून घ्यायची. संध्याकाळी दार लावायची, तुमचा एक स्वेटर मांडीवर घ्यायची आणि टोक ओढायची. भराभरा निघून यायचं. तुमचे दहा-बारा दिवस, माझी दहा मिनिटं. इतकं बरं वाटायचं, वहिनी. रेडिओ कशाला लावायची? मी हसायची म्हणून."

 माझ्याशी कोणी असं बोललेलं नाही. यजमान एवढंच म्हणायचे की सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, आणि तेही हसत.

"तो पिवळा," त्या पुढे म्हणाल्या, "तो मी पाच वर्षं तसाच ठेवला होता. कापलेल्या गळ्यासकट. दादाच्या उशाशी विणलेला म्हणून. माझ्या कपड्यांच्या खाली होता. यंदा उन्हाळ्यात तुम्ही मला म्हणालात, या घरात तुम्ही पाहुण्या आहात, हे विसरू नका. त्या रात्री मी तोही उसवला."

"मी असं म्हणाले?"

"म्हणालात. बेसिनचा नळ टपकत राहिला होता म्हणून."

मला आठवेना. मी मनापासून आठवून पाहिलं. नळ आठवला, त्याची चकती बदलली तेही आठवलं. ते वाक्य आठवेना. पण ते माझंच होतं, यात मला तिळमात्र शंका नव्हती. शब्दांची ठेवण माझी होती. जसा तो जोड.

"मावसबहिणीशी बोलले आहे मी," वन्सं म्हणाल्या. "तिच्याकडे मागची खोली रिकामी आहे. मेळा झाला की जाईन म्हणत होते. तुम्हाला सांगायचं कसं, तेवढंच राहिलं होतं. ते आज झालं."

एवढं सांगून त्या उरलेले बटाटे सोलायला वळल्या. साल लांबलचक निघत होतं आणि मी त्याकडे बघत बसले होते. घरात मी एकटी, ही गोष्ट मी कधी मनात आणलीच नव्हती. वन्सं आहेत हे भिंत आहे तसं होतं. भिंतीला कोणी विचारत नाही, थांबणार का म्हणून. जाऊ नका, एवढे दोनच शब्द होते. ते माझ्या घशाशी आले आणि तिथेच अडकले. गळा माझाच होता, अरुंद.

मी खोलीत गेले आणि अठ्ठावीस स्वेटर चादरीत बांधून बाहेर आणले. जेवणाच्या टेबलावर ओतले. बटणांचा डबा आणला. वडिलांचा होता, बटणांनी भरलेला, मी वर्षानुवर्षं हात न लावलेला.

"रविवारी मेळा आहे," मी म्हटलं. "डावा खांदा उघडायचा, गळ्याची पट्टी उसवायची, सैल विणायची, तीन बटणं. आज मंगळवार आहे. तुम्ही उसवा, मी विणते. तुमचा हात बसलेला आहे."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. टोमणा आहे का ते बघत होत्या. नव्हता. पण माझ्या तोंडून आलं की ते टोमण्यासारखंच ऐकू येतं, त्याला माझा इलाज नाही.

"माझ्यासमोर उसवा," मी म्हटलं. "मला बघायचंय."

त्या हात धुऊन आल्या, चष्मा हातातच होता. खुर्ची ओढून बसल्या. पहिला स्वेटर घेतला, राखाडी होता. खांद्याची शिवण कात्रीच्या टोकाने उघडली, गळ्याचं टोक शोधलं. डोळ्यांनी दिसत नव्हतं तरी बोटांना बरोबर सापडलं. मग ओढलं. टाके एकामागून एक सुटत गेले, बारीक टरटर आवाज करत. मी समोर बसून लोकर गुंडाळायला घेतली. एकीने ओढायचं, एकीने गुंडाळायचं, हे काम खरं तर दोघींचं आहे. त्यांनी ते पाच वर्षं एकटीने केलं होतं.

पट्टी निघाली. इथे थांबायचं होतं. पट्टीच्या खालचा पहिला टाका सुटला तेव्हा मला वाटलं, दिसलं नसेल. मग दुसरी ओळ गेली, तिसरी गेली, छातीवरची नक्षी गेली. नक्षी मला चार दिवस लागले होते. मी मान वर केली. वन्संना सगळं कळत होतं. त्या लोकरीकडे बघत नव्हत्याच, माझ्याकडे बघत होत्या, आणि हात चालू होता. चेहऱ्यावर हसू होतं. बेचाळीस वर्षं एका घरात राहून मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. ते बघून मला धडकी भरली. तरी मी थांबा म्हटलं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि गुंडा मोठा होत होता.

बाह्या गेल्या, घेर गेला, शेवटचा टाका सुटला. त्यांच्या मांडीवर काही उरलं नाही. त्यांनी हात झटकले, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि टेबलावरच्या ढिगाकडे हात केला.

"दुसरा द्या," त्या म्हणाल्या. "याचा फक्त गळा उसवते."